बंद पडलेल्या यंत्राचा पंचनामा

वऱ्हाडच्या महसुली कारभाराचा इतिहास चाळणाऱ्याच्या ध्यानी एक गोष्ट सहज येते. अंमल मोगल सुभेदाराचा असो, निजामाचा असो, की १८५३ च्या तहानंतर आलेल्या इंग्रजांचा असो, राजवटी पालटल्या, चावडीवरची निशाणे पालटली, परंतु घडलेली घटना दप्तरात चढवण्याची शिस्त पालटली नाही. गारपीट झाली, गंजी जळाली, हद्दीची निशाणी उखडली गेली, ओढ्याने बांध वाहून नेला, असे काहीही घडले की पंच बोलवायचे, जागा पाहायची, वेळ आणि कारण लिहायचे आणि अंगठे घ्यायचे, हा क्रम ठरलेला होता, आणि त्या कागदाच्या बळावर पुढे तगाई, सूट किंवा भरपाई मागता येत असे. त्याच वऱ्हाडातल्या अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत आज एक घटना अशी आहे की ती जवळजवळ रोज घडते, शेकडो माणसांची मजुरी बुडवते, कित्येकांची मुदत चुकवते, आणि तरीही तिचा कुठल्याही दप्तरात एका ओळीचा उल्लेख नसतो. ती घटना म्हणजे सेतू केंद्रातला, तहसील कचेरीतला, बँकेतला किंवा रास्त धान्य दुकानातला संगणक बंद पडणे. खिडकीतून उत्तर येते, "सर्व्हर डाऊन हाये जी, उद्या या," आणि दर्यापुराहून किंवा तेल्हाऱ्याच्या पलीकडून एसटीने आलेला माणूस काही न बोलता परत फिरतो.

माझे म्हणणे एवढेच आहे की, ज्याप्रमाणे जळालेल्या गंजीचा पंचनामा होतो त्याप्रमाणे बंद पडलेल्या यंत्राचाही झाला पाहिजे. ते किती वाजता बंद पडले, कोणत्या कारणाने बंद पडले आणि केव्हा सुरू झाले याची लेखी नोंद राहिली पाहिजे. आणि त्या नोंदीत जितका काळ दिसेल तितका काळ नागरिकाच्या मुदतीतून वजा झाला पाहिजे. ही मागणी प्रथमदर्शनी क्षुल्लक वाटेल. परंतु तिच्या मुळाशी एक जुना हक्क आहे, आणि तो बजावता यायचा असेल तर खिडकीत बसणाऱ्या माणसाला बिघाडाचे निदान करण्याची विद्या अवगत असली पाहिजे. म्हणून आधी त्या विद्येकडे वळू.

अचलपूरच्या एखाद्या केंद्रात बसलेल्या चालकाने कळ दाबल्यापासून सातबाऱ्याची नक्कल कागदावर उमटेपर्यंत जी साखळी कार्यरत असते तिच्यात अनेक दुवे असतात. केंद्राची वीज, यूपीएस, संगणकाची तबकडी, त्यातली प्रणाली, राऊटर, भिंतीवरच्या डबीतून निघालेली फायबरची तार, रस्त्याच्या खोदकामातून ती वाचली असेल तर पुढचे जाळे, संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणारी डीएनएस ही व्यवस्था, त्या स्थळाची ओळख पटवणारे प्रमाणपत्र, मग दूर शहरातल्या डेटा सेंटरमधला सर्व्हर, त्यावर चालणारे सॉफ्टवेअर आणि सर्वांत शेवटी प्रत्यक्ष अभिलेखांचा डेटाबेस. यांपैकी कोणताही एक दुवा निखळला तरी पडद्यावर दिसणारे दृश्य जवळजवळ एकच असते: एक गोल फिरत राहतो, किंवा पांढऱ्या पानावर इंग्रजीतली एक ओळ येते. वऱ्हाडातल्या कोणत्याही जिनिंगमध्ये जिन थांबली तर जुना मिस्त्री रुई येणे बंद झाले एवढेच सांगून घरी जात नाही. पट्टा सुटला, बेअरिंग तापले, रोलर झिजला की मोटारीला वीजच पोचत नाही, हे तो हात लावून, कान देऊन, एकेक शक्यता दूर सारत ठरवतो. संगणकाच्या बाबतीतही विद्या हीच आहे. बिघाड एका यंत्राचा की खोलीतल्या सर्व यंत्रांचा, हा पहिला प्रश्न. एकच संकेतस्थळ उघडत नाही की कोणतेच उघडत नाही, हा दुसरा. आणि याच क्षणी मोबाइलच्या इंटरनेटवरून तेच पान उघडते का, हा तिसरा. ज्याला एवढे तीन प्रश्न क्रमाने विचारता आले त्याच्या लक्षात येईल की, सर्व्हरच्या माथी मारलेले कित्येक अपराध सर्व्हरने केलेलेच नसतात.

एक उदाहरण विस्ताराने सांगण्यासारखे आहे, कारण ते जितके सामान्य आहे तितकेच अज्ञात आहे. प्रत्येक संगणकाच्या मुख्य पाटीवर नाण्याच्या आकाराचा एक लहानसा सेल बसवलेला असतो. संगणक बंद असताना त्यातले घड्याळ चालू ठेवणे हे त्याचे मुख्य काम. काही वर्षांनी तो सेल उतरतो, आणि रात्री वीज गेली की सकाळी सुरू झालेला संगणक आपण दहा-पंधरा वर्षे मागच्या एखाद्या जानेवारीत आहोत असे समजून चालतो. आता, शासनाची आणि बँकांची सुरक्षित संकेतस्थळे आपली ओळख पटवण्यासाठी जे प्रमाणपत्र पुढे करतात त्यावर ते कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत ग्राह्य आहे हे नमूद असते. ज्या संगणकाच्या मते आजची तारीख त्या प्रमाणपत्राच्या जन्मापूर्वीची आहे, तो संगणक ते प्रमाणपत्र नाकारतो आणि स्थळ असुरक्षित असल्याचा इशारा देऊन दार लावून घेतो. सर्व्हर व्यवस्थित चालू असतो, तारही शाबूत असते, शेजारच्या दुकानात तेच पान सुखेनैव उघडत असते, आणि या केंद्रापुढे मात्र रांग खोळंबलेली असते. उपाय काय, तर पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख पाहणे, ती दुरुस्त करणे आणि अल्प किमतीचा सेल बदलणे. ज्याने हे एकदा पाहिले तो जन्मभर विसरत नाही. ज्याला कोणी दाखवलेच नाही, तो प्रामाणिकपणे सर्व्हरला दोष देत राहतो. त्या चालकाचा मी दोष मानत नाही. त्याला अर्ज भरण्याचे शिक्षण मिळाले, निदानाचे मिळाले नाही.

आमच्या भागाच्या हवा-पाण्याचाही या विषयाशी निकट संबंध आहे, आणि पुण्या-मुंबईत बसून नियम करणाऱ्यांच्या तो सहसा ध्यानात येत नाही. मे २०२४ मध्ये अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे गेला आणि जिल्हा प्रशासनाला कलम १४४ लागू करावे लागले, हे वाचकांच्या स्मरणात असेलच. त्या उष्म्यात पत्र्याच्या छपराखालच्या एका खोलीत चालणाऱ्या केंद्रातल्या यंत्रांचे काय होत असेल, याचा विचार मात्र फारसा कोणी केला नाही. संगणकाचा प्रोसेसर विशिष्ट तापमानापलीकडे गेला की स्वतःला वाचवण्यासाठी आपली गती कमी करतो, आणि तरीही तापत राहिला तर यंत्र आपोआप बंद होते. पंख्यात उन्हाळ्यातल्या वावटळींची धूळ आणि हिवाळ्यात कापसाचे तंतू साचलेले असतील तर ती वेळ लवकर येते. यूपीएसमधल्या शिसे-आम्लाच्या बॅटरीसाठी २५ अंशांच्या आसपासचे तापमान गृहीत धरलेले असते, आणि त्यावर प्रत्येक १० अंशांनी तिचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा त्या क्षेत्रातला सर्वमान्य अदमास आहे. म्हणजे थंड खोलीत चार वर्षे चालणारी बॅटरी आमच्याकडच्या तापलेल्या खोलीत एक-दोन वर्षांतच निकामी व्हावी, यात नवल नाही. कचेऱ्यांमधल्या यंत्रसामग्रीच्या देखभालीच्या तरतुदी मात्र सर्व राज्यासाठी एकाच मापाने केलेल्या असतात.

विजेची कथा याहून गंभीर आहे. वऱ्हाडची काळी कसदार जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. आर्थिंगची सळई ज्या मातीत पुरलेली असते तीच माती कोरडी पडून सळईपासून सुटली की आर्थिंग नावापुरतेच उरते. जुने जाणते वायरमन एप्रिल-मे महिन्यांत आर्थिंगच्या खड्ड्यात नेमाने पाणी का ओतत असत, याचे कारण हे आहे. खारपाणपट्ट्यात प्रकार उलटा: तिथे मातीतले क्षार सळईलाच खाऊन टाकतात. मग मृगाच्या पहिल्या गडगडाटात राऊटर जळतो, संगणकाची जाळ्याची जोडणी निकामी होते, आणि गावातल्या खांबावर न्यूट्रल तुटला असेल तर २३० व्होल्टसाठी बांधलेल्या यंत्राला चारशेच्या घरातला दाब मिळून त्याचा वीजपुरवठ्याचा भाग क्षणात करपतो. असे यंत्र दुसऱ्या दिवशी सुरू होत नाही. केंद्रचालक ते शहरात दुरुस्तीला पाठवतो. आणि त्या अवधीत येणाऱ्या प्रत्येकाला मिळणारे उत्तर ठरलेले असते. या सर्व बिघाडांचे उगम केंद्राच्या भिंतीपासून शंभर पावलांच्या आत असतात. त्यांची नोंद होत असती तर एका वर्षात कोणत्या गावात आर्थिंग दुरुस्त करायचे, कोठे बॅटऱ्या बदलायच्या, कोणत्या रोहित्राची तक्रार महावितरणकडे न्यायची, हे जिल्हाधिकारी कार्यालयाला एका कागदावर दिसले असते.

मेळघाटाविषयी वेगळे लिहावे लागते. धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतल्या पुष्कळ पाड्यांत साखळीचा पहिलाच दुवा, म्हणजे मोबाइलचा संकेत, टेकडीवर चढल्याशिवाय हाती लागत नाही. तिथे यंत्र नीट आहे, सर्व्हर नीट आहे, पण दोहोंच्या मध्ये सातपुडा उभा आहे. रास्त धान्य दुकानात अंगठा उमटवून धान्य द्यायचे तर त्या क्षणी तो अंगठा दूरच्या आधार व्यवस्थेकडे जाऊन तपासून परत यावा लागतो. त्यातही ज्या बायांचे हात वर्षानुवर्षे कापूस वेचून, निंदण करून, मोळ्या वाहून घासले गेले आहेत त्यांच्या बोटांवरच्या रेषाच यंत्राला वाचता येत नाहीत. बोट धुऊन, किंचित ओलसर करून, दुसरे बोट लावून, काचेवरचा मळ पुसून पाहावा. तेही जमत नसेल तर डोळ्याच्या बुबुळावरून किंवा मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीवरून ओळख पटवावी, असे पर्याय नियमांत आहेत. परंतु बुबुळ वाचणारे यंत्र दुकानात नसते आणि आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक मुलाच्या जुन्या सिमचा असतो. ही अडचण यंत्राची म्हणावी की माणसाची, हा वाद व्यर्थ आहे. ज्याच्या हातात धान्य पडायचे होते ते पडले नाही, आणि का पडले नाही हे कोणी लिहून ठेवले नाही, एवढे सत्य आहे.

सर्व्हर खरोखरच थांबतो तेव्हाचीही कारणे गूढ नसतात. सर्व्हरच्या तबकडीवर तो स्वतःच लिहीत असलेल्या नोंदींची रद्दी साचून जागा संपते आणि मग त्याला एक अक्षरही लिहिता येत नाही. प्रमाणपत्राचे नूतनीकरण करायला कोणी विसरते. डेटाबेसशी एका वेळी जितकी संभाषणे चालू शकतात त्यांची मर्यादा भरून जाते आणि पुढचा प्रत्येक अर्जदार दाराबाहेर ताटकळत राहतो. यांतले तिसरे कारण वऱ्हाडी शेतकऱ्याच्या विशेष परिचयाचे आहे. २०२३ च्या खरिपात एका रुपयात पीक विमा देण्याची योजना आली. तिची मुदत ३१ जुलैला संपत होती. अखेरच्या दिवसांत संकेतस्थळ चालेनासे झाले आणि मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली. अशा वेळी शेतकरी सर्व कामे अखेरच्या दिवसावर टाकतो, असा ठपका ठेवणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. आमच्याकडे सोयाबीनचा आणि कपाशीचा पेरा पावसावर अवलंबून असतो. पाऊस जूनच्या मध्यावर न येता जुलैत आला तर पेराही जुलैत होतो. दुबार पेरणीची पाळी आली तर आणखी पुढे जातो. कोणत्या गटात कोणते पीक किती क्षेत्रावर आहे हे ठरल्याशिवाय विमा उतरवता येत नाही. म्हणजे जुलैच्या उत्तरार्धात गर्दी होणार हे पावसाच्या नकाशावरून महिनाभर आधी सांगता येते, आणि जी गर्दी आधी सांगता येते तिच्यासाठी सर्व्हरची क्षमता आधी वाढवून ठेवणे हे सर्व्हर चालवणाऱ्याचे कर्तव्य ठरते. पोळ्याच्या बाजारासाठी आदल्या दिवशी जागा आखून घेणाऱ्या ग्रामपंचायतीला जे कळते ते शासनाच्या माहिती-तंत्रज्ञान विभागाला कळू नये, हे मला पटत नाही.

आणखी एक बिघाड असा आहे की त्यात यंत्र थांबत नाही, उलट निर्वेध चालत राहते, आणि म्हणूनच तो अधिक घातक असतो. २४ जून २०१७ रोजी राज्य शासनाने शेतकऱ्यांची कर्जमाफी जाहीर केली. अर्ज ऑनलाइनच भरायचे होते. मुदत १५ सप्टेंबरची होती, ती २२ सप्टेंबरपर्यंत वाढवली गेली. दिवाळीत प्रमाणपत्रेही वाटली गेली. आणि मग याद्या तपासताना असे आढळले की बँकांकडून आलेल्या माहितीत एकाच आधार क्रमांकापुढे अनेक शेतकऱ्यांची नावे आहेत. तक्त्यात एखादा रकाना सक्तीचा ठेवला आणि भरणाऱ्याच्या हाती ती माहिती नसली तर तो काहीतरी आकडा टाकून पुढे सरकतो, हा मनुष्यस्वभाव कोणत्याही अनुभवी शिरस्तेदाराला ठाऊक असतो. संगणकाची रचना करणाऱ्याला तो ठाऊक नव्हता. आत्महत्यांनी होरपळलेल्या अमरावती विभागात कर्जमाफीची वाट पाहणाऱ्या कुटुंबाला त्या गोंधळातले आठवडे कसे गेले असतील, हे मला येथे वर्णन करण्याची इच्छा नाही.

नावांच्या जुळणीतही असाच अदृश्य दोष दडलेला असतो. मराठी टंकलेखनाच्या युनिकोडपूर्व काळात कोणी श्रीलिपीत, कोणी कृतिदेवात, कोणी सी-डॅकच्या आयएसएममध्ये काम करीत असे, आणि एकातला मजकूर दुसऱ्यात नेला की अक्षरांचे कडबोळे होत असे. युनिकोड आल्यावर तो प्रश्न बव्हंशी सुटला, परंतु सर्वस्वी नाही. "वऱ्हाड" हेच नाव घ्या, किंवा आमच्याकडचे "वऱ्हाडे" हे आडनाव. त्यातला ऱ्हा दोन निरनिराळ्या संकेतक्रमांनी लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही अक्षरे हुबेहूब सारखी दिसतात. संगणक मात्र त्यांना दोन भिन्न नावे मानतो. एका नोंदीत एक क्रम आणि दुसऱ्या नोंदीत दुसरा क्रम असला तर पडताळणी फसते, आणि अर्जदार आपल्या दोन्ही कागदांवरचे तेच नाव पुन्हा पुन्हा दाखवीत राहतो. अशा वेळी दोन्ही नोंदी तुलनेपूर्वी एकाच संकेतक्रमात आणून घेणे हा उपाय प्रोग्रॅमरच्या हातातला, अर्ध्या दिवसाचा आहे. पण दोष अमुक आहे असे खालून वर कोणी लेखी कळवले तरच तो हात हलणार.

जगाकडे पाहिले तर मोठमोठ्या संस्थांची यंत्रेही थांबतात, आणि त्यात लाजेचे कारण नाही. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, व्हॉट्सअॅप आणि इन्स्टाग्राम सुमारे सहा तास जगभर बंद होते. त्यांचे सर्व्हर जळाले नव्हते. देखभालीच्या एका चुकीच्या आज्ञेने त्यांच्या केंद्रांना जोडणारे जाळे तुटले आणि पाठोपाठ त्यांचा पत्ताच जगाच्या नकाशावरून नाहीसा झाला. दुसऱ्याच दिवशी कंपनीने हे कारण जाहीर केले. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या एका सदोष अद्यतनाने विंडोजवर चालणारी सुमारे ८५ लाख यंत्रे निळा पडदा दाखवून बंद पडली. आपल्या देशातल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले पास देण्याची वेळ आली. आणि दुरुस्ती अशी होती की तंत्रज्ञाने प्रत्येक यंत्रापाशी जाऊन ते सेफ मोडमध्ये सुरू करावे आणि एक फाइल पुसून टाकावी. पुढे कंपनीने प्रसिद्ध केलेल्या कैफियतीत कारण दिले होते: एका ठिकाणी २१ रकाने अपेक्षित होते आणि दिले गेले २० च. इतक्या नेमकेपणाने आपली चूक जगापुढे मांडावी लागते, कारण ग्राहक, न्यायालये आणि भागधारक ती मागतात. मूर्तिजापुरातल्या शेतकऱ्याच्या वतीने ती मागणारा आज कोणी नाही.

मी ज्याला जुना हक्क म्हटले तो आता सांगतो. १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाच्या कलम १० मध्ये असे तत्त्व आहे की, एखादी गोष्ट न्यायालयात किंवा कचेरीत ठरावीक मुदतीत करायची असेल आणि मुदतीच्या अखेरच्या दिवशी ते न्यायालय किंवा ती कचेरी बंद असेल, तर ती पुन्हा उघडेल त्या दिवशी केलेली गोष्ट मुदतीत केली असे मानावे. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या माणसांनी कचेरीचे दार डोळ्यांपुढे ठेवून हा न्याय लिहिला. आज ते दार संगणकाच्या पडद्यावर आहे. ते बंद असेल तर कचेरी बंद होती असेच मानले पाहिजे, हे मला स्वयंसिद्ध वाटते. परंतु २००० च्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम १३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक अभिलेख नियत संगणकात प्रविष्ट झाला म्हणजे तो पोचला. अर्थात जो प्रविष्टच होऊ शकला नाही तो पोचला नाही. महाराष्ट्राच्या २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने नागरिकाला नियत कालमर्यादेत सेवा मिळण्याचा आणि न मिळाल्यास अपील करण्याचा अधिकार दिला, ही फार मोलाची गोष्ट झाली; पण ती कालमर्यादा मोजायची ती अर्जाच्या पोचपावतीपासून, आणि यंत्र बंद असताना पोचपावती निघत नाही. तेव्हा ज्या दिवशी नागरिकाला कायद्याच्या आधाराची सर्वाधिक गरज असते, नेमक्या त्याच दिवशी त्याच्यापाशी पुराव्याचा चतकोर कागदही नसतो. पीक विम्यात स्थानिक आपत्तीच्या नुकसानीची सूचना ७२ तासांत देण्याचा जो दंडक होता तो शेतकऱ्यांना चांगला ठाऊक आहे. पेढीला किंवा मोर्णेला पूर येई, वीज जाई, टॉवर बंद पडे, आणि ते ७२ तास पुराच्या पाण्याबरोबर वाहून जात.

यावर असे सांगितले जाते की शासन मुदत वाढवून देतेच. देते, हे खरे. परंतु ती वाढ ओरड झाल्यानंतर मिळालेली मेहेरबानी असते. ती सर्वांना सरसकट मिळते किंवा कोणालाच मिळत नाही. आणि एकट्यादुकट्या शेतकऱ्याच्या ७२ तासांसाठी कधी कोणी आदेश काढला नाही. दुसरा आक्षेप असा की आधीच कामाने पिचलेल्या ग्राम महसूल अधिकाऱ्यावर आणि केंद्रचालकावर आणखी एका नोंदवहीचे ओझे कशाला. या आक्षेपात तथ्य आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. ग्राम महसूल अधिकारी हेच या बंद यंत्रांमुळे लोकांचा रोष सर्वांत प्रथम झेलतात. स्वतःच्या खिशातून इंटरनेटचा खर्च करून रात्री उशिरा फेरफार मंजुरीला बसणारेही तेच असतात. कारण लिहिले गेले तर तो रोष योग्य ठिकाणी जाईल. शिवाय बरीचशी नोंद यंत्र स्वतःच ठेवीत असते: विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये यंत्र केव्हा आणि कसे बंद पडले हे मिनिटागणिक लिहिलेले असते, आणि सर्व्हरवर तर प्रत्येक विनंतीचा हिशेब असतो. माणसाने फक्त तो पाहायचा आणि एका ओळीत उतरवायचा आहे.

शिक्षणाची सोयही आमच्या दाराशी आहे. अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ पासून उभे आहे. बडनेऱ्यात आणि अकोल्याजवळ बाभूळगावात १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. शासकीय तंत्रनिकेतने आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. तिथून दर वर्षी बाहेर पडणारे संगणकाचे पदवीधर पुण्या-हैदराबादेला जाऊन परदेशातल्या बँकांचे सर्व्हर रात्र जागून सांभाळतात, आणि त्यांच्या स्वतःच्या गावच्या सेतू केंद्रात संगणकाचे घड्याळ बिघडल्याचे ओळखणारा माणूस नसतो, ही गोष्ट मला मनापासून अस्वस्थ करते. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी एक खरीप हंगाम तालुक्याच्या केंद्रांवर घालवावा, प्रत्येक बिघाडाचे कारण चालकाबरोबर बसून शोधावे, आणि त्या कामाचे गुण त्यांच्या पदवीत धरले जावेत, अशी तजवीज विद्यापीठाला करता येईल. शासकीय सेवेत जाणाऱ्यांना एमएस-सीआयटीची परीक्षा आवश्यक असते; तिच्यात वापराच्या जोडीला निदानाचे चार धडे घालणे कठीण नाही. तारीख कशी तपासावी, राऊटरवरचा लाल दिवा कशाचा निदर्शक असतो, एका यंत्राचा दोष आणि साऱ्या जाळ्याचा दोष कसा वेगळा करावा, आर्थिंग केव्हा पाहून घ्यावे, एवढे एका दिवसात शिकवता येते.

प्रारंभ अमरावतीच्या विभागीय आयुक्तांना आपल्या अधिकारात करता येईल असे मला वाटते. दर्यापूर आणि मूर्तिजापूर हे सपाटीवरचे, तेल्हारा हा खारपाणपट्ट्यातला आणि धारणी हा डोंगरातला, असे चार तालुके एका हंगामासाठी निवडावेत. प्रत्येक केंद्रात एक वही असावी, तिच्यात यंत्र थांबल्याची वेळ, तपासणीत आढळलेले कारण आणि सुरू झाल्याची वेळ लिहावी. कारण सापडले नाही तर सापडले नाही असे लिहावे. महिन्याच्या शेवटी त्या नोंदींचा गोषवारा तहसील कचेरीच्या फलकावर लावावा. ज्याचे काम त्या वेळात अडले त्याला एका छापील चिठ्ठीवर त्याचे नाव, कामाचा प्रकार, दिनांक, वेळ आणि बिघाडाचे कारण लिहून, केंद्राचा शिक्का मारून ती हाती द्यावी, आणि तीच चिठ्ठी तहसीलच्या बारनिशीत त्या दिवशीचा अर्ज म्हणून रुजू करून घ्यावी.